बत्तीसच्या आधीचं चिन्ह

बाई,

अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, पहिल्या चाचणीत तुम्ही माझं एक उत्तर अर्धंच बरोबर धरलंत आणि मी भर वर्गात उभी राहून तुमच्याशी भांडले. ते भांडण माझ्या बाजूनं अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता डोळे मिटून बसावं लागतं. तुमचं उभं राहणं मात्र डोळे उघडे असतानाही दिसतं, एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात पदराचं टोक घट्ट धरलेलं. चिंचवडच्या त्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात आम्ही दोघीच मुली, मी आणि शेजारच्या वस्तीवरची माझी मैत्रीण. आणि पुण्याहून रोज सकाळच्या गाडीनं पदार्थविज्ञान शिकवायला येणाऱ्या तुम्ही. गावाला तुमचं मोठं नवल होतं. बाईमाणूस असून दगड फेकायच्या गोष्टी शिकवते, असं पारावरची म्हातारी मंडळी म्हणत.

प्रश्न दगडाचाच होता. सेकंदाला चौसष्ट फूट वेगानं एक दगड सरळ वर फेकला, तर अठ्ठेचाळीस फुटांवर त्याचा वेग किती, ते ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून काढा. मला तो नियम फार आवडायचा. हातातून सुटताना दगडाजवळ असते ती सगळी गतीची ऊर्जा. वर जाईल तशी ती थोडी थोडी उंचीची होत जाते, पण बेरीज ढळत नाही. दगड केवढा जड हे विचारायचीही गरज नाही, ते दोन्हीकडून कटून जातं. चौसष्टच्या वर्गातून उंचीचा वाटा काढला की एक हजार चोवीस उरतात, त्याचं वर्गमूळ बत्तीस. मी बत्तीस लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि वर्गात सगळ्यांच्या आधी पेपर दिला. तुम्ही पेपर परत केलेत तेव्हा त्या बत्तीसच्या आधी लाल शाईत एक छोटं प्रश्नचिन्ह होतं.

मी उभी राहिले. "बाई, माझं उत्तर बरोबर आहे."

"जाताना की येताना?" तुम्ही विचारलंत.

"दगड वर फेकलाय. मग तो वरच जाणार."

"आणि वरच राहणार? चिंचवडात असले दगड फार झाले तर आपल्याला आभाळ दिसायचं नाही."

सगळा वर्ग हसला. पहिल्या बाकावरचा एक हुशार मुलगा म्हणाला, "बाई, मी अधिक-उणे दोन्ही लिहिलंय," आणि माझ्याकडे बघून मिशीच नसलेल्या जागी बोट फिरवलं. तुम्ही त्याच्याकडे वळलात. "तुझाही अर्धा गेलाय. दोन्ही चिन्हं लिहिलीस आणि हात झटकलेस. कुठलं चिन्ह जातानाचं आणि कुठलं येतानाचं, हे कुणी सांगायचं? घंटा वाजवणाऱ्या शिपायानं?"

मग तुम्ही फळ्याकडे गेलात आणि जे सांगितलंत ते मी पुढं आयुष्यभर निरनिराळ्या प्रसंगी स्वतःला सांगत आले. ऊर्जेच्या समीकरणात वेगाचा वर्ग असतो. अधिक बत्तीसचा वर्ग जेवढा, उणे बत्तीसचाही तेवढाच. वर्ग केला की चिन्ह त्यात बुडतं, आणि वर्गमूळ काढून ते वर येत नाही. दगड त्या उंचीवरून दोनदा जातो, वर चढताना एकदा आणि खाली येताना एकदा, आणि दोन्ही वेळा ऊर्जेचा हिशेब तंतोतंत तोच. किती जोरात, हे समीकरण सांगेल. कुठं चाललाय, ते दगडाच्या हकिकतीवरून आपण ठरवायचं. तो जमिनीवर आदळतानाचा वेग विचारला असेल तर येतानाचीच गोष्ट चालली आहे, तिथं दोन उत्तरं नाहीत. आणि वरची दिशा अधिक धरली की खालची, हे पहिल्या ओळीत लिहून टाकायचं, कारण ते दगडाला माहीत नसतं आणि तपासणाऱ्यालाही नसतं.

"मग हा नियम अपुरा आहे," मी म्हणाले. त्या वयात मी कशालाही अपुरं म्हणायला तयार असे.

"अपुरा नाही," तुम्ही म्हणालात. "त्याला जे ठाऊक नाही, त्याबद्दल तो बोलत नाही. काही माणसांनी हे शिकायला हरकत नाही."

वर्ग या वेळी हसला नाही. माझे कान तापले. मधल्या सुट्टीभर मी मैत्रिणीला ऐकवत होते की या बाईंना भांडणारी मुलगी सहन होत नाही.

श्रावण लागला. नागपंचमीला आमच्या आईनं तुम्हाला घरी जेवायला बोलावलं. त्या दिवशी आमच्याकडे तवा चढत नाही, विळी हातात धरत नाहीत, जे काही करायचं ते उकडून. तुम्ही चुलीपुढं पाटावर बसून पुरणाची दिंडं तूप घालून खाल्लीत, आणि आईनं चौथं वाढलं तेव्हा हात आडवा धरून म्हणालात, "मला उद्या वर्गात उभं राहायचंय हो." जेवणानंतर सगळ्या बायका पवनेच्या काठी वडाला बांधलेल्या झोक्याकडे निघाल्या आणि तुम्हीही आलात. आमच्याकडच्या झोक्याची फळी लांब असते. दोघी पोरी तिच्यावर तोंडासमोर तोंड करून उभ्या राहतात आणि आळीपाळीनं गुडघे मोडून झोका चढवतात. मी आणि माझी मैत्रीण अशाच उभ्या होतो. माझं तोंड नदीकडं, तिचं गावाकडं.

तुम्ही खालून ओरडलात, "ए, झोका अगदी खाली आला की दोघी सांगा गं, पुढं चाललाय की मागं."

झोका खाली आला. मी ओरडले, "पुढं!" त्याच क्षणी ती ओरडली, "मागं!" परतताना मी म्हणाले मागं आणि ती म्हणाली पुढं. बायका पोटं धरून हसायला लागल्या. "आगं बायांनो, येकाच फळीवर हाय न्हवं तुमी?" असं कुणीतरी म्हणालं.

"एकीच्या पायाखाली आहे तीच फळी दुसरीच्या," तुम्ही म्हणालात. "मग दोघींतली खोटं कोण बोलतंय?"

"ती!" मी वरूनच सांगितलं.

तुम्हीसुद्धा हसलात. मग म्हणालात, "नदीकडं अधिक. गावाकडं उणे. आता ओरडा." आणि पुढच्या झोक्याला आमच्या दोघींच्या तोंडून एकच शब्द निघाला. मला आठवतंय, त्या वेळी मला जरा फसवल्यासारखं वाटलं होतं. माझं पुढं तेच खरं पुढं, याबद्दल मला तोवर शंका आली नव्हती. शहरातल्या, एकटीनं झोके घेणाऱ्या मुलीला ही चूक दिसणार नाही. ती आमच्यासारख्यांनाच दिसावी, ज्या समोरासमोर उभ्या राहून एकच झोका चढवतात.

दिवाळीनंतर आमची जमीन गेली. कारखाना येणार म्हणून मोजणी आधीच झाली होती. आता कुंपण पडलं, विहिरीवरची मोट उतरवली आणि जिथं आमचा हरभरा असायचा तिथं पत्र्याच्या चाळी उठल्या. बीड, सातारा, रत्नागिरी, कुठून कुठून कामाला माणसं आली. आबांना, माझ्या वडिलांना, त्याच आवारात पहाऱ्याचं काम मिळालं. काठी घेऊन ते स्वतःच्याच जमिनीच्या फाटकावर उभे राहू लागले. आणि एका संध्याकाळी जेवताना त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सोमवारपास्नं साळंत जायचं न्हाई."

बाई, मी काय काय बोलले असेन याची तुम्ही कल्पना करू शकता. शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं मी कपाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचली होती आणि त्या आठवड्यात ती सगळी मी आबांच्या अंगावर घातली. देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, मी मॅट्रिक झाले नाही तर तुमच्यासारखीच काठी धरून उभी राहीन. हे शेवटचं बोलल्यावर आईनं हातातली पळी खाली ठेवली. आबा ताटावरून उठले. जाता जाता म्हणाले, "पोरीची जीभ लई चालती. तेवढी अक्कल चालली आसती तर बरं झालं आसतं." मी जितकं जोरात बोलत होते तितके ते घट्ट होत होते, आणि मला वाटत होतं आणखी जोर लावला पाहिजे.

शनिवार माझा शाळेतला शेवटचा दिवस ठरला होता. मी तुम्हाला व्हरांड्यात गाठलं. "तुम्ही घरी चला आणि आबांना चांगलं खडसावा. ते तुम्हाला मानतात."

"ते काय म्हणतात?" तुम्ही विचारलंत.

"नाही म्हणतात."

"ते कळलं. नाही म्हणून कुणीकडं निघालेत?"

इतके दिवस मी त्यांच्याशी बोलत होते, आणि त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता.

तुम्ही रविवारी आलात, सुट्टीच्या दिवशी, खास गाडी धरून. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तुम्ही बाहेर बाजेवर न बसता सरळ आत आलात आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसलात. आबा दाराच्या चौकटीत. मी चुलीमागं, दातओठ खात, तुम्ही कधी सुरुवात करता याची वाट बघत.

"पाटील, काम कसं आहे?" तुम्ही विचारलंत.

"आमी कसलं पाटील, बाई. फाटकावरचं बुजगावणं."

"बुजगावण्याला निदान शेत तरी असतं."

मला वाटलं आता आबा भडकतील. पण ते हसले, जमीन गेल्यापासून पहिल्यांदा. मग बराच वेळ ते हरभऱ्याबद्दल बोलले, विहिरीच्या पाण्याबद्दल बोलले. तुम्ही भाकरी मोडून पिठल्याशी खात होता आणि मध्ये मध्ये विचारत होता, विहीर कुठं होती, बांध कुठून कुठं जायचा. माझा संताप वाढत होता. हक्काचं काय? राज्यघटनेचं काय? शेवटी तुम्ही विचारलंत, "मुलीला घरी बसवून तुम्हाला काय साधायचंय?"

"काय बी न्हाई," आबा म्हणाले. "तिनं शिकू न्हाई आसं मी कवा म्हनलो?"

चुलीमागून मी ओरडणार होते, तुम्ही न बघताच हात वर केलात.

"मंग आयका, बाई. ही साळंत निघाली का मी मोटंवर आसायचो. आमचा बांध सपला का गावाची हद्द लागायची. तितवर ही मला दिसायची. तांबडं दप्तर. ते दिसंनासं झालं का मी बैल हाकायचो. आता तिथं पत्रं हायती. मी तोंड करून हुबा ऱ्हातो हमरस्त्याकडं, मागं काय चाललंय मला कळत न्हाई. कोन कुठला मानूस, त्याला मी वळखत न्हाई. वाईट आसंल आसं न्हाई. पर ही घरनं निघती आन मला दिसत न्हाई."

आईची भाकरी तव्यावर करपली आणि तिला ते कळलं नाही. मी आठवडाभर ज्या माणसाशी मुलीच्या हक्कावर भांडत होते, तो माणूस रोज सकाळी बैल थांबवून माझं दप्तर बघत उभा राहायचा, हे मला ठाऊक नव्हतं.

"मी चिंचवडला उतरते," तुम्ही म्हणालात. "त्याआधी तुमचं पिंपरी लागतं. मी पिंपरीला उतरेन. तुमच्या दारावरून हिला घेईन आणि आम्ही चालत शाळेत जाऊ. येतानाही तसंच."

"रोज?"

"रोज."

"पावसात?"

"पाटील, परीक्षा मार्चमध्ये आहे. पाऊस कुठला आणताय?"

आबा उठले, बाहेर जाऊन चूळ भरली आणि परत येऊन म्हणाले, "बाईंस्नी ताक द्या."

इथं माझं तुमच्याशी अजून पटत नाही. तुम्ही रोज एक स्टेशन आधी उतरलात, थंडीत अंधारातच पुण्याहून निघालात, संध्याकाळी परतीची गाडी चुकवलीत, आणि माझं वर्ष वाचवलंत. पण मुलीचं शिक्षण कुणाच्या सोबतीवर का अवलंबून राहावं? रस्ता तिचा का नसावा? हा प्रश्न मी पुढं कामगार संघटनेत गेल्यावर पिंपरीच्या, भोसरीच्या, चाकणच्या कारखान्यांच्या फाटकांवर घसा फोडून विचारला. बायकांच्या पाळीला बस नव्हती तेव्हा विचारला, फाटकाबाहेर दिवा नव्हता तेव्हा विचारला. तेव्हा घरातून निघालेली पोर काही मी एकटीच नव्हते, आणि एकेकीसाठी एकेक बाई कुठून आणणार? तुमचं करणं चांगुलपणाचं होतं, आणि चांगुलपणावर जग चालवायचं नसतं, असं मी आजही म्हणेन. हे मी तुम्हाला त्या चालण्यातही सुनावलं होतं. तुम्ही पुस्तकांची पिशवी दुसऱ्या हातात घेतलीत आणि म्हणालात, "बरोबर आहे तुझं. पण रस्ता नीट होईपर्यंत परीक्षा होऊन जाईल. तोवर चाल."

आणि चालता चालता गणितं. दगड ऐंशी फुटांवर असताना वेग किती? मी हिशेब करायची, वर्गमूळाखाली उणे संख्या यायची, मी चिडायची. "चिडू नकोस," तुम्ही म्हणायचात, "तेवढ्या उंचीवर तो पोचतच नाही, एवढंच समीकरण सांगतंय. उत्तर न येणं हेही एक सांगणं असतं." मग उतरणीवरची गाडी, मग लंबकाचा गोळा, मग दोन वजनं एका कप्पीवर. प्रत्येक वेळी मी घाईनं अधिक लिहून मोकळी होत असे आणि प्रत्येक वेळी तुम्ही विचारायचात, "कुणीकडून बघतेस?" पत्र्याच्या चाळींपुढून जाताना कुणी नवखा कामगार उठून उभा राही आणि म्हणे, "नमस्कार बाई." महिन्याभरात त्या रस्त्यावर तुमचं नाव कुणाला ठाऊक नसलं तरी तुमची ओळख झाली होती. फाटकापाशी आबा आमच्याकडे बघत नसत, हमरस्त्याकडेच तोंड करून उभे असत. पण आम्ही जवळून गेलो की काठी एकदा जमिनीवर आपटत. तुम्ही हसून म्हणायचात, "हजेरी लागली."

माझ्या भाषणांबद्दल लोक म्हणतात की त्यात आग असते. असेल. तरुणपणी एकदा फाटकावर मी अर्धा तास बोलले, दोनशे माणसं पेटून उठली, आणि त्यातली अर्धी कचेरीकडं निघाली, अर्धी घरी. जोर दोघांचा सारखाच होता. त्यानंतर कुठल्याही सभेत उभी राहण्याआधी मी चार माणसांना बाजूला घेऊन विचारू लागले, तुम्हाला नेमकं कुठं जायचंय? कार्यकर्ते वैतागत. म्हणत, "ताई, लोक तापलेत, आता विचारत काय बसता?" तापलेत म्हणूनच विचारते, असं मी म्हणे. ही सवय कुठून आली ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. गणितातून आली म्हटलं असतं तर हसले असते.

मी मॅट्रिक झाले. निकाल कळला त्या दिवशी आबा स्वच्छ धोतर नेसून पिंपरी स्टेशनवर जाऊन बसले, तुम्हाला सांगायला. सुट्टीचे दिवस होते, तुम्ही येणार नव्हता, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. दोन गाड्या बघून परत आले आणि आईला म्हणाले, "आज बाईंची गाडी चुकली जनू." मी पुण्याला कॉलेजात गेले, तुमची बदली दूर कुठंतरी झाली, एकदोन पत्रं आली. मग तिथूनच कुणीतरी कळवलं की तुम्ही आजारी पडलात आणि गेलात. मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून ते वाचलं. त्या रविवारी घरी गेले तेव्हा सांगणार होते. आबांना ताप होता, म्हणून राहिलं. पुढच्या खेपेला त्यांनीच विचारलं, "बाई कशा हायत?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बऱ्या आहेत."

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि पाठवायचं तर कुठं? पण एवढं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. आबा पुष्कळ जगले. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नसत, मीही येत नसे. मी सभेहून उशिरा आले की ते बाजेवर उठून बसलेले असत आणि विचारत, "पोरगी एकलीच हाय का रस्त्याला?" जन्मभर हजारो माणसांपुढं खरं तेच बोलायचं असं म्हणत आलेली मी, त्यांच्या उशाशी बसून म्हणत असे, "न्हाई आबा. बाई हायत संगट." मग ते आडवे होत.